कळ : दाबायची, सोसायची आणि लावायची



या अंकात आम्ही एकाच शब्दाविषयी लिहिणार आहोत. शब्द दोनच अक्षरांचा आहे, 'कळ'. तो निवडायला कारण घडलं आणि त्या कारणात चूक आमचीच आहे, म्हणून आधी ती सांगून टाकतो.

गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीने वर्गशिक्षकांना मोबाइलवर निरोप पाठवला. निरोप मराठीत होता, पण अक्षरं इंग्रजी. त्यांनी तो असा वाचला : 'आई आजीकडे गेली. काल आली होती.' म्हणजे आजी काल आली होती, पाहुणचार चालला असेल, आणि म्हणून बाईसाहेब घरी बसल्या. त्या दिवशी चाचणी होती. हजेरीपटावर विनापरवानगी गैरहजर असा शेरा पडला आणि दुसऱ्या दिवशी मुलीला वर्गात चार शब्द ऐकावे लागले. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी वडील रात्रपाळी संपवून परस्पर शाळेत आले तेव्हा खरा प्रकार समजला. मुलीने लिहिलं होतं, 'कळ आली होती.' आजीच्या छातीत कळ आली होती, आई तिला दवाखान्यात घेऊन गेली होती, आणि मुलगी धाकट्या भावाला सांभाळत घरी थांबली होती.

आजी आता बऱ्या आहेत. शेरा खोडला आहे. ते वर्गशिक्षक या पत्रिकेच्या संपादक मंडळात आहेत, आणि हा लेख लिहायचा आग्रह त्यांचाच.

इंग्रजी अक्षरांत 'काल', 'कल' आणि 'कळ' ही तिन्ही माणसं एकाच कपड्यात येतात. कोण कोण ते ओळखायचं कसं? पण विचार करता करता आमच्या लक्षात आलं की, नुसत्या 'कळ' या एका शब्दातही तीन-चार माणसं लपलेली आहेत. त्यातलं एक तर रोज आपल्या बोटाखाली असतं.

पहिली कळ म्हणजे यंत्राची. जी दाबली, ओढली किंवा फिरवली की यंत्र हलतं ती कळ. दिव्याचं बटण ही कळ, पिठाच्या गिरणीचा खटका ही कळ, संगणकावर ज्या चौकोनी ठोकळ्यांवर आपण बोटं आपटतो त्याही कळाच. म्हणून कीबोर्डला मराठीत 'कळफलक' म्हणतात. हा शब्द ऐकून मुलं हसतात. कुणाला वाटतं की सरकारी कचेरीत कुणीतरी मुद्दाम बसून तो जुळवला असणार. फलक जोडलेला आहे हे खरं, पण त्यातली कळ जुनी आहे. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तेव्हा टाइपरायटरसुद्धा बाजारात आला नव्हता, संगणकाची गोष्ट तर दूरच. तरी यंत्राची कळ, कुलपाची कळ, युक्तीची कळ त्या काळच्या मराठीला ठाऊक होती. नवी वस्तू आली तेव्हा आपल्या भाषेने नवा शब्द घडवला नाही, फडताळातला जुना काढून पुसून दिला.

ही कळ संस्कृतातल्या 'कला' या शब्दापासून आली. कला म्हणजे चित्रकला, गायन एवढंच नव्हे. एखादं काम साधण्याचं कसब, हिकमत, खुबी तीही कलाच. जिच्यात कारागिराची खुबी भरून ठेवली आहे ती कळ. हिंदीत 'कल-पुर्जे' आणि 'कल-कारखाने' म्हणतात, बंगालीतही यंत्राला 'कल' म्हणतात, ते याच घरातले. आणि आपल्या शेजारच्या गुजरातीत तर ती ळ सकट आहे. 'कळथी थाय ते बळथी न थाय' ही म्हण कोसाडच्या कोणत्याही गुजराती आजोबांना विचारा. आपण म्हणतो, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. गुजरातीत त्या युक्तीलाच कळ म्हटलं आहे, आणि यमकही जुळलं आहे. म्हणीच्या बाबतीत इथे गुजरातीने बाजी मारली हे कबूल करायला हरकत नाही.

कळीची एक गोष्ट विणकरांच्या मुलांना आवडेल. पंचतंत्रात एक कोष्टी आहे. त्याचं मन राजकन्येवर बसतं आणि तो अन्नपाणी सोडतो. त्याचा मित्र रथकार, म्हणजे सुतार. तो मित्रासाठी लाकडाचा गरुड तयार करतो. खुंटी फिरवली की गरुड उडतो, पुन्हा फिरवली की उतरतो. कोष्टी विष्णूचा वेष घेऊन त्यावर बसून राजवाड्याच्या गच्चीवर उतरतो आणि पुढे बरंच रामायण होतं. ते शाळेच्या ग्रंथालयात जाऊन वाचावं. आम्हाला इथे एवढंच दाखवायचं आहे की, शेकडो वर्षांपूर्वी गोष्ट सांगणाऱ्याला विमान म्हटल्यावर मंत्र आठवला नाही, खुंटी आठवली. संस्कृतात या खुंटीला 'कील' म्हणतात. आपली 'किल्ली' त्याच कुळातली. 'चावी' मात्र पोर्तुगीजांकडून आली आणि 'कुलूप' अरबी 'कुफ्ल' उलटसुलट होऊन फारसीमार्गे. म्हणजे दाराला कुलूप लावून चावी खिशात टाकेपर्यंत आपण अरबस्तान आणि पोर्तुगाल फिरून येतो.

याच कळीने नाचणाऱ्या त्या कळसूत्री बाहुल्या. कळ म्हणजे खुबी, सूत्र म्हणजे दोरा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. वर्तमानपत्रात 'कळसूत्री सरकार' असं वाचलं तर दोरे दुसऱ्याच्या हातात आहेत असं समजावं.

आता दुसरी कळ, आजींची. ही शरीरात उठते. पोटात कळ येते, दाढेत कळ मारते, बाळंतिणीला कळा सुरू होतात. यंत्राची कळ माणूस दाबतो, ही कळ माणसाला दाबते. ती सोसावी लागते म्हणून 'कळ सोसणे' आणि त्यावरून 'जरा कळ काढ', म्हणजे थोडा धीर धर. आईने स्वयंपाकघरातून 'कळ काढ रे थोडी' म्हटलं तर भाकरी अजून तव्यावर आहे एवढाच अर्थ. गुजरातीत 'कळ वळवी' असा प्रयोग आहे. दुखण्यातून किंवा धक्क्यातून माणूस जरा सावरला की, कळ वळी. मराठीत याला तितका नेमका शब्द आम्हाला सुचत नाही, आणि इथे राहणाऱ्या कित्येक मराठी घरांत तो सर्रास वापरला जातो. त्याला अशुद्ध म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही.

तिसरी कळ भांडणाची. हिला कोशकार 'कलह' शब्दाशी जोडतात. ही लावायची असते. दोन मैत्रिणींमध्ये जाऊन इकडचं तिकडे सांगणारा तो कळलाव्या. नारदमुनींच्या नावावर हे काम पुराणापासून जमा आहे, म्हणून 'कळीचा नारद'. मग 'कळीचा मुद्दा' म्हणजे भांडणाचा मुद्दा का? आठवीच्या वर्गात आम्ही विचारलं तर निम्म्या मुलांनी हो म्हटलं. नाही. तिथे कळ पहिली, यंत्राची. जो मुद्दा हलवला की सगळं प्रकरण हलतं तो कळीचा मुद्दा. नारदाची कळ वेगळी, मुद्द्याची वेगळी. रूप मात्र अक्षर न अक्षर सारखं. अर्थात, सभेत कळीच्या मुद्द्यावरूनच बहुधा कळ लागते, तेव्हा मुलांचंही फार चुकलं नाही असं विश्वस्तांपैकी एकांनी मिस्कीलपणे म्हटलं.

दुसरी आणि तिसरी कळ एका फुलात एकत्र आली आहे. पावसाळ्यात डोंगरकपारीला, कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं एक फूल येतं, पाकळ्या वर उलटलेल्या, पानांची टोकं सुतासारखी वळलेली. त्याचं नाव कळलावी. ते घरात आणलं तर भांडण लागतं म्हणून कळलावी, असं जुनी माणसं सांगतात. दुसरे म्हणतात, तिचा कंद बाळंतकळा लावायला वापरत म्हणून कळलावी. दोन्ही ऐकायला छान, पण या झाडाचे सगळे भाग, विशेषतः कंद, अतिशय विषारी असतात. कॉल्चिसीन नावाचं द्रव्य त्यात असतं, आणि ते पोटात गेल्याने माणसं दगावली आहेत. तेव्हा सुटीत गावी गेलात तर फूल लांबून पाहा, तोडू नका, धाकट्यांच्या हाती देऊ नका.

चौथी खरं म्हणजे कळ नव्हे, 'कळणे'. समजणे या अर्थाचं हे क्रियापद संस्कृतातल्या 'कल्' या धातूपासून आलेलं. आकलन, संकलन ही त्याचीच भावंडं. गुजरातीतही 'कळवुं' आहे, ताडणं, ओळखणं या अर्थाने. अकरावी-बारावीच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवतात, त्याला आपल्याकडे 'कलन' म्हणतात. नावं इतकी सारखी की दोन्ही एकच असावीत असं वाटतं, पण तो निव्वळ योगायोग. कॅल्क्युलस हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ लहानसा खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करीत. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडू नये, हा धडा शब्दांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो.

इथे एक प्रश्न उभा राहतो. काल मध्ये ल आणि कळ मध्ये ळ, असं का? कुणी ठरवलं? ठरवलं कुणीच नाही, पण नियम आहे, आणि तो आम्हाला फार सुंदर वाटतो. संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असला, तर बोलता बोलता मराठीत त्याचा ळ झाला. फल चं फळ, बल चं बळ, कमल चं कमळ, नल चा नळ, काल चा काळ, कलिका ची कळी, कला ची कळा आणि कळ. पण प्राकृतात जिथे जोड ल होता, म्हणजे ल्ल, तिथे मराठीत साधा ल राहिला. गल्ल चा गाल झाला, फुल्ल चं फूल झालं. संस्कृत 'कल्य' म्हणजे पहाट. त्याचं प्राकृतात 'कल्ल' झालं आणि त्यातून आपला आदल्या दिवसाचा 'काल' आणि हिंदीतला 'कल' निघाला. म्हणून फूल मध्ये ल आणि फळ मध्ये ळ. एकाच झाडावर दोघं, पण घराणी निराळी. घरी बसून असे दहा शब्द तपासून पाहा. तत्सम म्हणून संस्कृतातून जसेच्या तसे नंतर उचललेले शब्द या नियमात बसणार नाहीत, कला हाच त्यातला एक. तेव्हा एखादा शब्द चुकारपणा करताना दिसला तर लगेच नियमाला नावं ठेवू नयेत.

ळ हे अक्षर गावंढळ आहे असा एक समज शहरात वाढलेल्या मुलांत दिसतो. हिंदीत ते नाही, टीव्हीवर ते ऐकू येत नाही, म्हणून असेल. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात, दुसऱ्याच शब्दात ळ आहे. नंतरच्या संस्कृताने तो टाकला. मराठी, गुजराती, राजस्थानी, पंजाबी, ओडिया आणि दक्षिणेकडच्या भाषांनी तो आपापल्या परीने राखला. म्हणजे सुरतेत राहून ळ म्हणायला मुलांना काहीच अडचण पडू नये. वर्गात मराठी 'शाळा', रस्त्यावरच्या फलकावर गुजराती 'शाळा', दोन्हींत ळ आहेच.

पण आपल्या घरांत तिसरा आवाज आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुळं खानदेशात, जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला, कापूस त्या वाटेने आला आणि कापसामागून माणसंही आली. तापी तर त्याआधीपासून तिकडचं पाणी इकडे आणतेच आहे. त्या माणसांनी आपली अहिराणी बरोबर आणली. अहिराणीत ळ चा य होतो. डोळा चा डोया, काळा चा काया, शाळेची शाया. आजी म्हणते, 'माले कयनं नही.' म्हणजे मला कळलं नाही. नातू शाळेत 'शाया' म्हणतो आणि मुलं हसतात. असं हसणं आम्ही यापुढे वर्गात खपवून घेणार नाही. ळ चा य हा बोबडेपणा नव्हे. ज्या नियमाने फल चं फळ झालं तशाच नियमाने, शब्दामागून शब्द, न चुकता फळ चं फय होतं. जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या बोलीतही हाच य आहे आणि त्यांच्या कविता सगळा महाराष्ट्र मान डोलावत ऐकतो. मुलांनी घरी शाया म्हणावं, वर्गात शाळा लिहावं. एका तोंडात दोन्ही मावतात. आपल्या मुलांच्या तोंडात तर गुजराती आणि हिंदी धरून चार मावलेल्या आहेत.

आता पुन्हा यंत्राकडे. इंग्रजीत 'की' म्हणजे आधी कुलपाची किल्ली. मग तोच शब्द ऑर्गन, पियानो या वाद्यांच्या पट्ट्यांना लागला, तिथून टाइपरायटरकडे आणि तिथून संगणकाकडे गेला. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांनी १८६८ साली सहकाऱ्यांसह टाइपरायटरचं पेटंट घेतलं आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला. आपल्या देशात गोदरेजने १९५५ साली टाइपरायटर बनवला. आपल्या पालकांपैकी काहींनी दहावीनंतर टायपिंगच्या क्लासात पाटी-पेन्सिलीऐवजी तो बडवलेला आहे. मराठी टाइपरायटरवर अर्धी अक्षरं वेगळी, काने-वेलांट्या वेगळ्या, आणि त्या पाठ करता करता जीव मेटाकुटीला येई. संगणकावर मात्र हे ओझं उरलं नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय भाषांसाठी एक कळरचना तयार केली, तिचं नाव इनस्क्रिप्ट. १९९१ साली भारतीय मानकात तिचा समावेश झाला. आज जवळजवळ प्रत्येक संगणकात ती आधीपासून असते, विकत घ्यावी लागत नाही.

तिची खुबी, म्हणजेच कळ, समजून घेण्यासारखी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे. डावा-उजवा, डावा-उजवा असा हात चालतो. इंग्रजी के लिहिलेल्या कळीवर क, आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. त्याचप्रमाणे ग-घ, त-थ, प-फ अशा जोड्या एकेका कळीवर. डी च्या कळीवर पाय मोडण्याचं चिन्ह, त्याने जोडाक्षर होतं. आणि एन च्या कळीवर ल, शिफ्टसह ळ. लहान भाऊ खाली, थोरला वर. आपल्या शब्दासाठी आधी के, मग शिफ्ट धरून एन. दोन ठोके, आणि 'कळ' पडद्यावर. काल होण्याचा प्रश्नच येत नाही.

याहून मोठी गोष्ट अशी की, ही रचना सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. ज्या कळीवर मराठीचा क त्याच कळीवर गुजरातीचा क. गुजरातीचा ळ तिथेच, एन वर, शिफ्टखाली. म्हणजे आपल्या शाळेतल्या मुलाने एकदा मराठी टंकलेखन शिकलं की, त्याला गुजराती टंकलेखन वेगळं शिकावं लागत नाही. लिपी बदलायची, बोटं तीच. पालक आम्हाला नेहमी विचारतात की मराठी माध्यमात शिकून इथे सुरतेत काय उपयोग. सगळ्या शंकांचं उत्तर एका कळफलकात नाही हे आम्हीही जाणतो. पण वकिलाकडे, सरकारी कामाच्या दुकानात, छापखान्यात दोन्ही लिप्यांत झरझर टाइप करणारा मुलगा किंवा मुलगी हवीच असते, आणि ते शिकायला सहा आठवडे रोज अर्धा तास पुरतो असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं सोपं पडतं हे खरं. आम्हीही लिहितो. शेरा ज्यांनी मारला ते शिक्षक स्वतः तसंच लिहीत. आता लिहीत नाहीत.

लूमच्या खात्यात काम करणाऱ्या पालकांना यंत्राची कळ आम्ही काय समजावणार? तेच आम्हाला समजावतील. वडिलांबरोबर कारखान्यात डोकावलेल्या एका सहावीच्या मुलाने निबंधात लिहिलं आहे की, काही मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. त्याने त्या पट्टीला 'धाग्याची कळ' म्हटलं आहे. शब्द त्याचा स्वतःचा. आम्ही पूर्ण गुण दिले. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारा माग तयार केला. भोक असेल तिथला धागा उचलला जाई, नसेल तिथला नाही, आणि नक्षी उमटे. सुरतेच्या साड्यांवरची जेकार्ड नक्षी त्यांच्याच नावाची. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तेच पत्ते वापरायचं योजलं, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी भोकाच्या पत्त्यांवर माणसं मोजली. संगणकाच्या घराण्यात एक माग आहे, हे सुरतेच्या मुलांनी कोणालाही ताठ मानेने सांगावं.

शाळेच्या संगणक कक्षात मराठी पट्ट्या चिकटवायचं विश्वस्त मंडळाने ठरवलं तेव्हा थोडी चर्चा झाली. 'की' लिहायचं का 'कळ'? एकांचं म्हणणं, मुलं पुढे इंग्रजीतच शिकणार, उगाच दुप्पट ओझं नको. दुसऱ्यांची शंका अधिक गमतीची होती. कळ म्हणजे दुखणं, मुलांना वाटेल संगणकाला हात लावला की दुखतं. यावर संगणकाच्या शिक्षिका म्हणाल्या की, पहिल्या आठवड्यात बोटं दुखतातच. शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं, वर 'कळफलक', खाली 'कीबोर्ड'. मुख्य विजेच्या खटक्यावर मात्र मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्हींत 'बंद करण्याची कळ' असं ठळक लाल अक्षरांत लिहायचं, कारण धूर दिसला तर कोण कुठल्या भाषेत वाचेल हे सांगता येत नाही. या मुद्द्यावर कोणीच हरकत घेतली नाही.

पट्ट्या येत्या शनिवारी मधल्या सुटीनंतर लावायच्या आहेत. सातवी आणि आठवीच्या मुलांनी गोंद, कात्री आणि मोजपट्टी आणावी. अक्षर सुंदर असणाऱ्या चार मुलामुलींची नावं वर्गशिक्षकांनी शुक्रवारपर्यंत द्यावीत. त्यांत ती सातवीतली मुलगीही आहे. 'कळफलक' हा शब्द लिहायचं काम तिने मागून घेतलं आहे.

— संपादक मंडळ